तुमच्या गावची नदी किती आवळली गेलीय, ते घरबसल्या आणि काठावर जाऊन कसं बघायचं

२०१९ च्या ऑगस्टमधे माझ्या मावसभावाच्या नव्याकोऱ्या घरात खिडकीच्या वर पाणी होतं. प्लॉट घेताना एजंटने छातीठोकपणे सांगितलेलं की इथं पाणी येतच नाही, आणि पलीकडच्या मळ्यातल्या आज्जींना नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "अरे ही मळीची रानं, आमच्या सासऱ्यांनी इथं गोठासुद्धा बांधला नाही." मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. घेण्याआधी त्यांना विचारायला कुणी गेलंच नव्हतं. तेव्हापासून मी कोल्हापूर-सांगलीकडे कुणी प्लॉट बघतोय म्हटलं की आधी त्याला नदीकडे घेऊन जातो, आणि काय बघायचं ते इथं एकदा नीट लिहून ठेवतोय. उदाहरणं पंचगंगेची आहेत कारण ती माझी नदी आहे, पण पद्धत कुठेही चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. उन्हाळ्यात पाणी दिसतं तेवढीच नदी नसते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या घाटमाथ्याकडून पाणी घेऊन येतात, प्रयाग चिखलीला एकत्र होतात आणि तिथून पुढे पंचगंगा सपाट काळ्या रानातून वळणं घेत घेत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. उतार एकदम कमी, त्यामुळे पाणी जास्त झालं की ते पुढे पळत नाही, आडवं पसरतं. पसरतं तिथे थांबतं, पोयटा टाकतं आणि हळूहळू ओसरतं. ती पसरायची जागा म्हणजे पूरपट्टा, आणि तो नदीचाच भाग आहे, फक्त वर्षातले अकरा महिने ती आपल्याला ऊस लावायला देते.

आता कामाला लागू. पहिलं काम जुना नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट, म्हणजे नद्या, गावं आणि चढ-उतार दाखवणारे सरकारी नकाशे, त्यांच्या साइटवरून डाउनलोड करता येतात, आणि १९५० च्या दशकात अमेरिकन लष्कराने छापलेले भारताचे नकाशे टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने नेटवर फुकट ठेवलेत. ते फार बारीक नाहीत, पण वळणं कुठे होती आणि गावं काठापासून किती लांब होती ते कळतं. बारीक बघायचं तर गावचा गटांचा नकाशा घ्या. त्यात नदी, ओढे आणि पाणंदी वेगळ्या दाखवलेल्या असतात. ओढे नक्की बघा, कारण नदीपेक्षा ओढ्यांची वाट जास्त लागलीय. नकाशात ओढा आहे आणि जागेवर त्याच्या जागी पाइप टाकून वर रस्ता केलाय असं दिसलं तर ते ठिकाण लिहून ठेवा. पुराच्या वेळी नदीचं पाणी याच ओढ्या-नाल्यांतून उलटं आत येतं. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या बाजूच्या लोकांना हे सांगायला लागत नाही.

दुसरं, गूगल अर्थ प्रो. कॉम्प्युटरवर चालणारं, फुकट आहे. त्यात घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुने फोटो बघता येतात. १९८४ पासूनचे पण मिळतात, मात्र ते धूसर असतात, घरं-झाडं ओळखू येतील असे फोटो साधारण २००० नंतरचे. इथे बहुतेक जण एक चूक करतात, मीपण केली होती: एक फोटो मे महिन्यातला आणि एक नोव्हेंबरातला घेतात, पाण्याची रुंदी मोजतात आणि म्हणतात नदी रुंद झाली. तसं नाही हो. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी मागे तुंबून पात्र भरलेलं दिसतं, पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात. म्हणून पाण्याच्या कडा मोजायच्याच नाहीत, काठावरच्या झाडांच्या ओळी मोजायच्या, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत, आणि दोन्ही फोटो एकाच महिन्यातले घ्यायचे. मोजपट्टीचं टूल त्यातच आहे. एकाच ठिकाणी न मोजता पूल, वळण, बंधारा अशा पाच-सहा जागा ठरवा आणि वर्षांप्रमाणे वहीत लिहा.

फोटोत रुंदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे भराव. हायवे, बायपास, पुलाचे जोडरस्ते, हे सगळं पूरपट्ट्यात माती टाकून उंच केलेलं असतं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बघा, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पाण्याने बंद पडला. पूर आडवा पसरतो आणि रस्ता त्या पाण्याला आडवा जातो, मग भरावाच्या वरच्या बाजूला पाणी चढणारच. भरावात मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा, किती आणि केवढ्या, हे फोटोत नाही कळत, ते जाऊन मोजा.

धरणांबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण इथेच गफलत होते. धरण झालं की जून-जुलैचे छोटे पूर धरणात अडतात. लोकांना वाटतं आता पाणी येत नाही, मग मळीत आधी शेड येतं, मग मंगल कार्यालय येतं, मग प्लॉटिंग. पण ऑगस्टमधे धरण भरलेलं असताना जोरदार पाऊस झाला की वरून येईल तेवढं खाली सोडावंच लागतं, भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे तर पाण्याच्या दाबानेच आपोआप उघडतात, त्यात धरणाच्या खालच्या भागातला पाऊस वेगळाच. म्हणजे छोटे पूर कमी झाले, मोठा पूर राहिलाच, आणि त्याची जागा आपण घेऊन बसलो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पूर वाढतो की नाही हा वाद आहे, तो चालू राहील, पण आपल्या दोन काठांच्या मधे आपण काय केलंय ते तरी आपण बघू शकतो.

आता प्रत्यक्ष चालायला जा. पूर ओसरल्यावर लगेच एकदा, नंतर उन्हाळ्यात एकदा. ओसरल्यावर काठापासून दोन-चार फूट आत जमिनीवर बघा, काठाला समांतर अशी लांब भेग दिसेल, कधी कधी तर हात आत जाईल एवढी. पात्रातलं पाणी मातीतल्या ओलीपेक्षा लवकर उतरतं, माती मात्र आतून ओलीगच्च आणि जड राहते, तिला बाहेरून पाण्याचा टेका उरत नाही, मग पुढच्या आठवड्यात तो सगळा तुकडा उसासकट खाली बसतो. अशा काठावर उभं राहू नका आणि पोरांना तर नेऊच नका. उन्हाळ्यात गेलात तर काठ कुठे सरळ उभा कापल्यासारखा आहे ते बघा, वर नांगरट आणि खाली एकदम दहा-पंधरा फूट खड्डा असेल तर तिथून वीटभट्टीला माती गेलेली असू शकते, गावात विचारलं की कळतं. वाळू उपसलेल्या नदीत पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडलेला दिसतो, आणि बाजूच्या विहिरींचं पाणी खाली गेल्याची तक्रार ऐकू येते.

माणसांना विचारायचं राहिलं तर बाकी सगळं निम्मंच. पण "पूर येतो का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "तसं काय नाही" असंच येतं. त्यापेक्षा विचारा, १९८९ ला पाणी कुठवर होतं, २००५ ला कुठवर, जनावरं कुठं हलवली होती. भिंतीवरच्या खुणा दाखवायला सांगा. जागेचं जुनं नाव विचारा, मळी, डोह, कुरण असं काही निघालं तर कान टवकारा. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार कधी झालं ते तिथल्या लोकांना माहीत असतं, म्हणजे पाणी देवळात येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं ते दिवस. संगमावर पाणी किती चढलं होतं याचा यापेक्षा सोपा हिशोब नाही.

पूररेषेचा नकाशा सगळ्यात शेवटी बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. पण "१०० वर्षांत एकदा" म्हणजे आता शंभर वर्षं निवांत, असा अर्थ लावू नका. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी २०२१ ला परत ५५ च्या वर. रेषेच्या दहा फूट बाहेर आहे म्हणून सुटलो असं मी तरी समजणार नाही.

यंदाच्या पावसाळ्यापासून एक वही करा. बंधाऱ्यावरची पातळी रोज जाहीर होते, ती लिहायची आणि त्याच दिवशी तुमच्या ओळखीच्या एखाद्या जागेवर, म्हणजे घाटाची पायरी, विजेचा खांब, कुणाच्या गोठ्याची भिंत, पाणी कुठवर आलंय त्याचा फोटो काढायचा. दोन पावसाळ्यांत तुम्हाला कळायला लागेल की ४१ फूट झालं की पाणंद बंद, ४४ झालं की अमक्याच्या दारात. पाणी उतरलं की सगळ्यात वरच्या खुणेवर रंगाने रेघ मारून तारीख टाका, मालकाला विचारून. रंग ऑइल पेंटच घ्या, डिस्टेंपर पुढच्या पुरात धुऊन जातो.