गाण्यांच्या फाइलींचं फॉरमॅट बदलताना या चुका टाळा

संगणकावर गाण्याची फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणं हे दोन क्लिकचं काम, म्हणूनच ते डोळे झाकून केलं जातं. मग तक्रारी ठरलेल्या: आवाज पत्र्यासारखा येतो, विलंबित आणि द्रुतच्या मध्ये तानपुरा तुटतो, गाडीतल्या स्टिरिओवर गायिकेच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात. दोष कन्व्हर्टरचा क्वचितच असतो. फाइलच्या आत काय आहे ते न बघताच बटण दाबलेलं असतं.

आधी आत बघा

फाइलच्या नावातलं 'एम४ए' खोडून 'एमपी३' लिहिलं तर फक्त नाव बदलतं. काही प्लेअर ती तरीही वाजवतात, काही नकार देतात. शिवाय 'एम४ए' हा नुसता डबा आहे. त्यात एएसी असू शकतं, ज्यात आवाजाचा काही भाग गाळलेला असतो, किंवा एएलएसी, ज्यात काहीच गाळलेलं नसतं. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये ओपस असतं. व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक (आवाज साठवण्याची पद्धत) आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) तिथेच दिसतात.

एमपी४ व्हिडिओतला फक्त आवाज हवा असेल, तर कन्व्हर्ट करूच नका. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये ऑडिओ कोडेक 'कॉपी' ठेवून एम४ए काढा. काही सेकंदांत काम होतं आणि आवाजाला धक्का लागत नाही. एमपी३ नुसती कापायची असेल, तर एमपी३डायरेक्टकट हा प्रोग्रॅम पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे आवाज नव्याने न दाबता, कापतो.

१२८ चं ३२० करणं

सर्वांत जास्त केली जाणारी चूक हीच. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३मधून जे गाळलं गेलं, ते परत आणायची सोय कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. तिची ३२० केली, तर पाच मिनिटांचं गाणं ४.८ एमबीवरून १२ एमबीवर जातं आणि ऐकायला मूळ १२८ पेक्षा कणभर वाईटच होतं, कारण दुसरा एन्कोडर उरलेल्यातलंही थोडं गाळतो. तिची फ्लॅक (काहीच न गाळणारं फॉरमॅट) केली तर आणखी बिघडत नाही, पण डिस्क उगाच भरते.

'फ्लॅक' म्हणून हाती आलेली फाइल खरी आहे का, हे ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (खालपासून वरपर्यंतच्या कंपनांचं चित्र) लावून बघा. साधारण १६ हजार हर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ असेल, तर ती बहुधा कधीतरी एमपी३ होती. एक मात्र लक्षात ठेवा: जुन्या तबकड्यांच्या आणि कॅसेटच्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच कमी असतात. तिथे वरचा भाग हळूहळू विरळ होत जातो, सरळ रेघ दिसत नाही. नाट्यसंगीताची जुनी रेकॉर्ड केवळ त्यावरून खोटी ठरवू नका.

म्हणून सीडी रिप करताना, म्हणजे संगणकावर उतरवताना, एकदाच फ्लॅक करा (सीडीचा दर १,४११ केबीपीएस, फ्लॅक त्याच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश) आणि गरजेप्रमाणे प्रत्येक वेळी त्याच फ्लॅकवरून प्रती काढा. गाडीसाठी लेम या एमपी३ एन्कोडरचं व्ही२, म्हणजे सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास, पुरतं. मन मानत नसेल तर त्याहून वरच्या दर्जाचं व्ही० घ्या. सरसकट ३२० चा हट्ट हा जागेचा अपव्यय आहे. 'जॉइंट स्टिरिओ' (डाव्या-उजव्या आवाजातला सारखा भाग एकत्र साठवणं) बंद करण्याचा सल्लाही सोडून द्या, लेम जॉइंट स्टिरिओ व्यवस्थित वापरतं.

तुटणारा तानपुरा

एमपी३ आवाजाचे १,१५२ सॅम्पलचे तुकडे करते, एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा. सुरुवातीला एन्कोडरची थोडी शांतता येते आणि शेवटचा तुकडा भरायला आणखी. लेम त्याची नोंद फाइलमध्ये ठेवतं आणि चांगला प्लेअर तेवढा भाग गाळून वाजवतो. गाडीतले बरेच स्टिरिओ ती नोंद वाचत नाहीत. उपाय: एन्कोड करण्याआधी, म्हणजे फ्लॅक किंवा डब्ल्यूएव्ही (न दाबलेला आवाज) असतानाच, विलंबित आणि द्रुतचे दोन्ही ट्रॅक जोडा. फूबार२००० या प्लेअरच्या कन्व्हर्टरमध्ये 'डेस्टिनेशन'खाली सर्व ट्रॅक एका फाइलमध्ये जोडण्याचा पर्याय आहे. आधी दोन एमपी३ करून मग जोडल्या, तर खाच मध्ये राहतेच.

तिथेच 'प्रोसेसिंग' बघून घ्या. मागे कधीतरी लावलेला इक्वलायझर चालू राहिला असेल, तर तो प्रत्येक फाइलमध्ये कायमचा मुरतो.

सूर चढला

ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतला 'रेट' ४४,१०० वरून ४८,००० केला की रूपांतर होत नाही, तेच सॅम्पल जास्त वेगाने वाजतात. आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो. खरं रूपांतर 'ट्रॅक्स' मेनूतल्या 'रिसॅम्पल'ने होतं. पण सीडीवरचं गाणं ४८,००० करायचं तरी कशाला? व्हिडिओला जोडायचं नसेल, तर ४४,१०० च ठेवा.

प्रश्नचिन्हं आणि चौकोन

प्रश्नचिन्हं दिसली, तर बहुधा टॅग (फाइलमध्येच साठवलेली गाण्याची, गायकाची नावं) लिहितानाच अक्षरं हरवली आहेत. चौकोन दिसले, तर अक्षरं शाबूत आहेत, स्टिरिओकडे देवनागरी फाँट नाही. तेव्हा रोमनमध्ये नावं लिहिण्यावाचून इलाज नाही. आयडी३ या एमपी३च्या टॅगच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइट मिळतात आणि देवनागरीची सोय नाही. २.४ आवृत्ती अनेक जुनी उपकरणं वाचत नाहीत. एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'टॅग्ज', 'एमपेग' इथे जाऊन लिहिण्यासाठी २.३ आणि यूटीएफ-१६ (देवनागरी सामावणारी अक्षरपद्धत) निवडा. डब्ल्यूएव्हीत टॅगचा भरवसा नाही, म्हणून संग्रह त्यात ठेवू नका.

आवाज सारखा करताना

प्रत्येक गाणं 'नॉर्मलाइज' करून, म्हणजे एकाच पातळीला आणून, साठवलं, की अल्बममधला लहानमोठा तोल जातो. रिप्लेगेनचा टॅग (किती मोठ्याने वाजवायचं ते प्लेअरला सांगणारी नोंद) लावा, त्याने मूळ आवाजाला हात लागत नाही. मुळातच कमाल पातळीपर्यंत आवाज ठासून भरलेली गाणी एमपी३ होताना शिखरांवर फाटतात. ती एन्कोडिंगआधी एक-दोन डेसिबल खाली आणा.

रात्रभराची मैफल

साध्या डब्ल्यूएव्हीची मर्यादा ४ जीबी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओत ती दोन तासांच्या जरा पुढे संपते आणि फाइल उघडताना मधूनच तुटलेली दिसते. असं ध्वनिमुद्रण थेट फ्लॅकमध्ये घ्या.

मूळ डब्ल्यूएव्ही पुसण्याआधी फ्लॅकच्या 'टेस्ट' पर्यायाने फाइल तपासा. मूळ आवाजाचा एमडी५ ठसा फ्लॅकमध्येच असतो आणि तपासणीत तो ताडून बघितला जातो. जुळला नाही, तर फ्लॅक पुन्हा बनवा. आणि सीडी रद्दीत टाकायची घाई करू नका.