पिकअपला ट्रेलर जोडण्याआधी वजनाचा हिशोब

उन्हाळ्यात कॅम्पर ट्रेलर घेऊन कोलोरॅडोकडे निघायचं ठरलं असेल, तर तयारी सामानापासून नको, पिकअपच्या दारापासून सुरू करा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. हा तुमच्या गाडीचा पेलोड. त्याचा फोटो काढून ठेवा आणि जाहिरातीतला 'अकरा हजार पौंड ओढते' हा आकडा सध्या बाजूला ठेवा.

तो आकडा खोटा नसतो. ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या एसएई जे२८०७ या मानकात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढाची कसोटी असते, तीही भर उन्हाळ्यात एसी पूर्ण चालू ठेवून. पण त्या हिशोबात गाडीत माणसं फक्त दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमच्या गाडीत भारतातून आलेले आई-बाबा आहेत, मूल आहे, कुकर आहे, तांदळाची पिशवी आहे.

म्हणून कागद घेऊन बसा. समजा स्टिकरवर १,५०० पौंड आहेत. पाच जणांचे मिळून ६८० वजा करा, सामानाचे १५० आणि वेट-डिस्ट्रिब्यूशन हिचचे (ट्रेलर जोडायचा सांधा, जो भार सळ्यांनी सगळ्या चाकांवर वाटतो) ८०. मागच्या हौद्यावर नंतर झाकण बसवलं असेल तर तेही धरा, कारण स्टिकर कारखान्यातून निघालेल्या गाडीचं असतं. झाकण नसेल तर उरले ५९०. आता ट्रेलर आपल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर टाकतो, त्याला टंग वेट म्हणतात, आणि तो पेलोडमधूनच जातो. १३ टक्के धरले तर ५९० पौंडांत बसणारा ट्रेलर होतो साधारण ४,५०० पौंडांचा. अकरा हजार कुठे आणि साडेचार हजार कुठे! आजी-आजोबांचे २८० पौंड गाडीत नसते, तर हाच आकडा साडेसहा हजारांच्या पुढे गेला असता. आजी-आजोबांना घरी ठेवा असं मी अजिबात म्हणत नाही. ट्रेलर लहान घ्या, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

ट्रेलर निवडताना विक्रेता 'ड्राय वेट' सांगेल. ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. तुम्ही ट्रेलरवरच्या प्लेटचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा, तेवढा धरा. चाळीस गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड पाण्याचेच होतात. पाणी कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर भरता येतं.

मग हिच. रिसीव्हर (पिकअपच्या मागची चौकोनी नळी), बॉल माउंट (तिच्यात बसणारा दांडा) आणि बॉल (दांड्यावरचा गोळा), तिघांवर वेगवेगळी मर्यादा कोरलेली असते आणि सगळ्यांत लहान आकडा तोच तुमचा. रिसीव्हरच्या स्टिकरवर दोन आकडे असतील: मोठा आकडा वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच लावली तरच लागू होतो. बॉलचं माप ट्रेलरच्या कपलरशी, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या खोबणीशी, जुळवूनच घ्या. सव्वादोन इंचांहून थोड्या मोठ्या, म्हणजे २ ५/१६ इंचांच्या कपलरमध्ये २ इंचांचा बॉल घातला तरी कुलूप बसल्यासारखं वाटतं आणि रस्त्यातल्या एखाद्या उंचवट्यावर ट्रेलर उसळून सुटतो. कुलूप लावून झालं की ट्रेलरचा जॅक थोडा वर फिरवा. कपलर बॉल सोडत नसेल आणि पिकअपची मागची बाजूही त्याच्याबरोबर उचलली जात असेल, तर नीट बसलंय. साखळ्या खालून फुलीसारख्या टाका. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीला नको, गाडीच्या वेगळ्या जागी अडकवा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून, अनेक राज्यांत ३,००० पासून. ब्रेक कंट्रोलर (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये हळू चालवून जुळवून घ्या.

सामान भरताना जड वस्तू ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे ठेवा. मागे ओझं गेलं की टंग वेट हलकं होतं आणि महामार्गावर ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. तसं झालंच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, कंट्रोलरचा हाताचा ब्रेक हलकेच दाबा. पायाचा ब्रेक जोरात मारू नका.

सगळं भरून, सगळे बसून, मग वजनकाट्यावर. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांची वजनं तो वेगळी देतो. ट्रेलर सोडून पुन्हा एकदा वजन करा: पिकअपचा आधीचा आणि आताचा फरक म्हणजे टंग वेट. वेट-डिस्ट्रिब्यूशनच्या सळ्या लावल्या असतील तर पहिल्या वजनावेळी त्या सैल ठेवा, नाहीतर आकडा कमी दिसतो. प्रत्येक ॲक्सलचं वजनही दारावरच्या लेबलच्या मर्यादेशी पडताळा.

टायरमध्ये हवा थंड असतानाच भरा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरना ताशी ६५ मैलांची मर्यादा असते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५. कोलोरॅडोतल्या आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, तेव्हा तिथे मर्यादेच्या काठावर जाऊ नका. उताराला टो/हॉल मोड (ओढताना वापरायची गिअरची सेटिंग) आणि खालचा गिअर.

पहिले दहा-पंधरा मैल झाले की थांबा, कपलर आणि साखळ्या तपासा, चाकांचे नट आवळा, प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात धरून पाहा. एकच जास्त तापलेला असेल तर पुढे जाऊ नका.