रविवारी सकाळी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबईतला ऑफिसांचा भाग) ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायला निघण्याआधी

बॅटरी, कार्ड, पाणी हे कुणी सांगायला नको. कॅमेरा मात्र आदल्या रात्री एसीच्या खोलीतून बाहेर काढून हॉलमध्ये ठेवा. झोपण्यापूर्वी. निघताना नव्हे, झोपण्यापूर्वी! गारठलेली लेन्स मुंबईच्या दमट हवेत आली की काचेवर लगेच दव धरतं. पुसलं की पुन्हा धरतं. काच हवेइतकी कोमट होईपर्यंत अर्धा तास सहज जातो, आणि तेवढ्यात टॉवरच्या लांब सावल्या आखूड होतात. घाईनं लेन्स काढून आत बघू नका, सेन्सरवरही वाफ धरेल. एसी टॅक्सीनं जाणार असाल तर बॅगेची चेन बंदच ठेवा आणि उतरल्यावरही जरा थांबा.

वार रविवारच. इतर दिवशी बीकेसीत रिकामी चौकट मिळणं अवघड. सूर्योदय जानेवारीत सव्वासातच्या आसपास, मेअखेरीस सहाच्या, त्याप्रमाणे लोकल धरा. परतीच्या वेळी मेगाब्लॉक (रेल्वेच्या दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला मार्ग) असू शकतो, वेळा शनिवारीच बघून ठेवा. आणि शनिवारी बघतच असाल तर उठून कॅमेरा हॉलमध्ये आणा.

फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली, कच्ची), पडद्यावर मोनोक्रोम, म्हणजे काळंपांढरं. डोळ्यांना रंगांची भुरळ पडत नाही आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतात, म्हणजे निळं आभाळ नंतर हवं तेवढं काळं करता येतं. नुसता काळापांढरा जेपेग काढलात तर ती सोय गेली. फिल्मवाल्यांनी लाल फिल्टर घ्यावा, साधारण तीन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हे धरून. पण हिवाळ्यातल्या धुरकट, राखाडी आभाळाला कोणताच फिल्टर काळं करत नाही. ते चौकटीतून कापा, खाली बघा: समोरच्या काचांवरून परतून फरशीवर पडलेले उजेडाचे चौकोन पुरेसे आहेत. एक्स्पोजर त्या चौकोनांवर धरा. सावल्या उचलता येतात, जळलेला पांढरा परत येत नाही.

मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींसाठी मात्र सकाळ फुकट. त्यांची तोंडं पश्चिमेला, सकाळी सगळ्या सावलीत. दुपारनंतर जा, फक्त तेव्हा तिथे शांतता मागू नका.

ट्रायपॉड नको. हातात कॅमेरा असला तर वॉचमन एक वेळ दुर्लक्ष करेल, तीन पाय उघडले की 'शूटिंग' म्हणून धावत येईल. हुज्जत घालू नका, पदपथावर या. अमेरिकन वकिलातीकडे लेन्स वळवू नका. मेट्रो स्टेशनात आधी विचारा. ड्रोन नाहीच.

टोपी. सुटे पैसे. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी. घरी आल्यावर फाइली दोन ठिकाणी उतरवा, लेन्स सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर बुरशी. आणि तो डबा एसीच्या खोलीत ठेवत असाल, तर पुढच्या शनिवारी रात्री तोही हॉलमध्ये.