काळी बिअर लावायच्या आधी हे हाताशी ठेवा

हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी लिहितोय. इथे १९७८ च्या कायद्यापासून घरी पिण्यापुरती बिअर बनवायला परवानगी आहे, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय असलं काही लावणं गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीत गावी जाऊन प्रयोग नकोत.

मोठं पातेलं, थर्मामीटर, मलमलची पिशवी, झारा हे सगळं असणारच. सॅनिटायझर पुरेसा घ्या, उकळून थंड झाल्यानंतर ज्याचा ज्याचा बिअरला स्पर्श होणार ते सगळं त्यातून निघालं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ब्लोऑफची नळी, म्हणजे आंबताना येणारा फेस आणि गॅस बाहेर नेणारी नळी. जाड, इंचभर रुंद, साडेसहा गॅलनच्या कार्बॉयच्या (बिअर आंबवायच्या मोठ्या बाटलीच्या) तोंडात घट्ट बसणारी. नुसत्या एअरलॉकवर, म्हणजे गॅस बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या छोट्या झडपेवर, भागवू नका. स्टाउटमध्ये, म्हणजे या काळ्या बिअरमध्ये, यीस्ट पहिल्या दोन दिवसांत जोर धरतं आणि फेस दूध उतू जावं तसा वर येतो, त्यात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा असतो, तो एअरलॉकच्या बारीक भोकात बसतो, मग गॅसला वाटच राहत नाही. रबरी बूच उडून छताला लागतं. मागच्या वेळी माझी नळी आणायची राहिली होती, बेसमेंटच्या छतावर तपकिरी डाग अजून आहेत आणि पाच गॅलनपैकी बरीच बिअर कार्पेटने प्यायली. काचेचा कार्बॉय फुटूही शकतो, म्हणून नळी आधी, बाकीचं नंतर.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीचा आटवलेला गोड अर्क), भाजलेलं बार्ली आणि ईस्ट केंट गोल्डिंग्जसारखे हॉप्स दुकानातूनच मोजून आणा. भाजलेलं बार्ली पिशवीत घालून ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, उकळायचं अजिबात नाही, नाहीतर तुरट होतं. पिशवी पिळायचीही नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने बिअरला औषधाचा वास येतो, कॅम्पडेनच्या गोळीचा छोटा तुकडा पुरतो. पाणी फार मऊ असेल तर काळ्या धान्याचा आंबटपणा टोचतो, डब्लिनच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर असतं म्हणून तिथे स्टाउट जमली. पहिल्यांदा यात डोकं घालू नका.

एक्स्ट्रॅक्ट घालताना गॅस बंद करा आणि ढवळत राहा, तळाला लागलं तर करपट वास जात नाही, उतू गेलं तर शेगडी घासत बसाल. तासभर उकळा. मग थंड करायला बर्फ, आणि बर्फ आधीच भरपूर पाहिजे, कारण २० अंशापर्यंत यायला तुमच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो. गरम असतानाच यीस्ट टाकलंत तर मेलं. एस-०४ या सुक्या यीस्टचं एक पाकीट पुरतं.

आणि नळी? कार्बॉयच्या तोंडाला बसवून आधी साध्या पाण्याने बघितली का, घट्ट बसते का? दुसरं टोक बरणीत, बरणीत सॅनिटायझर, बरणी कार्बॉयच्या पातळीपेक्षा खाली, कारण कार्बॉय थंड झाला की आतून ओढ बसते आणि बरणीतलं वर चढतं. नळी कार्बॉयमधल्या द्रवात बुडवायची नाही, वरच्या मोकळ्या जागेत राहू द्या. यीस्ट टाकलं की लगेच लावा, 'सकाळी बघू' म्हणू नका, फेस रात्रीच येतो. तीन-चार दिवसांनी तो बसला की मग एअरलॉक.

पुढे दोन आठवडे १८ ते २० अंशाला, कोपऱ्यात, अंधारात. हायड्रोमीटरचं (साखर किती उरली ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीचं) रीडिंग दोन दिवसांच्या अंतराने सारखं आलं तरच बाटल्या भरा, उरलेली साखर बाटलीत आंबली तर बाटल्या फुटतात. तपकिरी बाटल्या साधारण पन्नास लागतात, ट्विस्ट-ऑफ, म्हणजे झाकण हाताने फिरवून उघडणाऱ्या, नकोत. बाटलीसाठी कॉर्न शुगर १०० ग्रॅमच्या आसपास, थोड्या पाण्यात उकळून. झाकणं, ती दाबून बसवायचं क्रिंपर, सायफन. दोन आठवडे खोलीतल्या उबेला, मग फ्रिज.