स्टंप ग्राइंडर घेताय? आधी गेट मोजा

मुलुंडच्या एका सोसायटीत मागच्या अंगाला सोनमोहराचा बुडखा काढायचा होता. मशीन, म्हणजे दातेरी चकतीने बुडख्याचा भुसा करणारा स्टंप ग्राइंडर, नवंकोरं, २५ हॉर्सपॉवरचं. टेम्पोतून उतरवलं तेव्हा वॉचमनसकट चार जण बघायला जमले. मशीनची रुंदी ३५ इंच, मागे जायचा लोखंडी दरवाजा ३६ इंच. आदल्या आठवड्यात मी स्वतः टेप लावला होता. पण मी मोजली होती ती चौकट. दरवाजा उघडल्यावर त्याची जाडी चौकटीतच राहते, वर कडी बाहेर आलेली, दोन्ही मिळून तीन इंच गेले. बिजागरीतून काढावा म्हटलं तर तिथे कुणीतरी वेल्डिंग मारून ठेवलेलं. शेवटी दोन पोरांनी पहार-कुऱ्हाड घेऊन तो बुडखा दीड दिवस खणला आणि मशीन झाकण घालून पार्किंगमध्ये उभं.

झाडछाटणीचा छोटा धंदा करणारे ओळखीतले लोक फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "किती हॉर्सपॉवरचं घेऊ?" मुंबईत हा प्रश्न शेवटी विचारायचा. मशीन बुडख्यापर्यंत पोचणार का, हे आधी बघायचं.

गेट मोजलं, वाट मोजली नाही

टेप लावायचा तो दरवाजा पूर्ण उघडून, कडी-कोयंड्याच्या टोकापासून समोरच्या चौकटीपर्यंत. मग आतली वाट चालून बघा. इमारत आणि कंपाउंड वॉलमधल्या पट्ट्यात ड्रेनेजचे पाइप, एसीचे आउटडोअर, कुणाची तरी जुनी सायकल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेंबरची झाकणं. २५ हॉर्सपॉवरच्या आसपासची स्वतः चालणारी मशीनं साधारण ४५० ते ६०० किलोंची असतात. माणसांच्या चालण्यापुरतं बसवलेलं सिमेंटचं झाकण तेवढ्याला टिकत नाही. आम्ही आता पाऊण इंची प्लायचे दोन तुकडे टेम्पोतच ठेवतो. चेंबर आला की आडवे टाकायचे, मशीन हळू न्यायचं.

दांडा धरून ढकलायची १३ हॉर्सपॉवरची मशीनं शंभर-सव्वाशे किलोंची. ती अरुंद फाटकातून जातात, दोघांनी धरली तर दोन पायऱ्याही चढतात. गिरगावच्या वाड्या, दादरच्या जुन्या इमारती, अंधेरीच्या बंगल्यांमागच्या बोळी, अशी कामं जास्त असतील तर सुरुवातीला हेच घ्या. माझं मत विचाराल तर पहिलं मशीन नेहमी धाकटं असावं. मोठा बुडखा आला तर मोठं मशीन दिवसाच्या भाड्याने आणता येतं. उलटं होत नाही, कारण दारात घेऊन बसलेल्या मोठ्या मशीनचा हप्ता थांबत नाही.

मात्र धाकट्या मशीनला माणसाची कंबर लागते, हेही खरं. मोठ्या मशीनमध्ये चकती हायड्रॉलिकवर डावी-उजवी फिरते, चालवणारा बाजूला उभा. दांड्याच्या मशीनमध्ये ती तुम्हीच फिरवायची, आणि गाठ लागली की दांडा हाताला हिसका देतो. दोन फुटी बुडखा मोठं मशीन अर्ध्या तासात उडवतं, धाकट्याला तास-दीड तास लागतो. दिवसात असे तीन बुडखे घेतले तर चौथ्या दिवशी पोरगा कामावर येत नाही.

छातीच्या उंचीवर मोजलेली रुंदी

फोनवर गिऱ्हाईक सांगतं, "दोन फुटांचं खोड आहे." तो आकडा धरून दर देऊ नका. रेन ट्री आणि गुलमोहर जमिनीलगत पसरतात. वर दोन फूट असलेला बुंधा खाली चार फूट निघतो, आणि तिथून मनगटाएवढी, मांडीएवढी मुळं पेव्हर ब्लॉकखाली घुसलेली असतात. मोजायचं ते मातीला टेकून, मुळांच्या फुगवट्यासकट. किती खोल जायचं हेही तेव्हाच विचारा. वर फक्त पेव्हर बसवायचे असतील तर सहा-आठ इंच पुरतात. त्याच जागी नवं झाड लावायचं असेल तर फूटभर तरी खाली गेलं पाहिजे, आणि तेवढं खोल कापणारं मशीन आहे का, हे कॅटलॉगमध्ये 'जमिनीच्या खाली' या आकड्यात बघायचं.

माती समजून भरावात दात घातले

चकतीच्या दातांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं, फार कडक पण ठिसूळ. लाकडात ते बरंच चालतं, दगडात तडकतं. कॅटलॉगमधले आयुष्याचे आकडे परदेशातल्या बागेच्या मातीचे. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात माती कमी आणि भराव जास्त: विटांचे तुकडे, लादीचे कपचे, काळ्या दगडाची खडी, कधीकाळच्या प्लास्टरचं राबिट. शिवाय झाडाच्या अंगातच लोखंड असतं. जाहिरातींचे खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा, आणि वीस वर्षांपूर्वी लावलेला ट्री गार्ड, जो काढायला कुणी आलंच नाही म्हणून खोडाने गिळून टाकलेला. भांडुपला एका बुडख्यात सायकलच्या साखळीचे दोन कडे निघाले होते. दोन दात गेल्यावर कळलं.

म्हणून आधी बुडख्याभोवतीचं सिमेंटचं आळं छिन्नीने फोडून बाजूला करायचं, फावड्याने चार-सहा इंच माती ओढायची, जमल्यास पाण्याचा फवारा मारून मुळं उघडी करायची. साधा हातातला मेटल डिटेक्टर मिळतो, तो फिरवायचा. अर्धा तास जातो, दातांचा संच वाचतो.

आणि घेतानाच विचारा, दात कुठे मिळतात. गोल दातांचा एक प्रकार असतो, तो सैल करून थोडा फिरवला की नवी धार समोर येते; एक दात तीनदा वापरता येतो. अशा मशीनला चार पैसे जास्त मोजले तरी परवडतं. माझी एक कसोटी आहे. बेल्टचा नंबर आणि बेअरिंगचा नंबर लिहून घ्यायचा आणि नागदेवी स्ट्रीटला, मशिनरीच्या सुट्या भागांच्या बाजारात, दोन दुकानांत विचारायचं. "आहे" म्हणाले तर मशीन घ्यायला हरकत नाही. "मागवावा लागेल" म्हणाले तर मेमध्ये, ऐन छाटणीच्या हंगामात, तुमचं मशीन बेल्टवाचून उभं राहणार. इंजिनाचंही तसंच. ३८९ सीसीचं होंडा जीएक्स ३९० किंवा तसं कुठलं तरी ओळखीचं इंजिन असेल तर मेकॅनिक शोधत फिरावं लागत नाही.

नारळाला झाड समजणं

नारळाचा बुडखा दिसायला लहान, म्हणून लोक त्याचा दर कमी सांगतात. पण ते लाकूड नव्हे, काथ्याचा गठ्ठा. दात त्याला कापण्याऐवजी ओढतात, आणि तंतू चकतीच्या आसाभोवती गुंडाळत जातात. मशीन गरम होतं, आवाज जड येतो. तेव्हा इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून, कोयत्याने ती गुंडाळी कापून काढायची. दुर्लक्ष केलं तर तंतू बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. मी एक बेअरिंग असंच घालवलं. नारळात थोडं-थोडं घ्या, दर दहा मिनिटांनी बघा.

जमिनीखाली काय आहे ते न विचारणं

पाण्याची लाइन, विजेची केबल, गॅसची पाइप, इंटरनेटची वायर, सगळं झाडाच्या मुळांतूनच गेलेलं असतं, कारण खणायला तीच मोकळी पट्टी होती. सेक्रेटरींना विचारा, प्लंबरला विचारा, मीटर रूममधून केबल कुठल्या दिशेने बाहेर पडते ते बघा. रस्त्यालगत काम असेल तर खोदकामाआधी संबंधित कंपन्यांना कळवायला केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप २०२३ पासून आहे. शंका असेल तिथे ग्राइंडर नको, हाताने खणा.

कागदाचंही तसंच. "बुडख्याला कसली परवानगी?" असं सगळेच म्हणतात. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाड तोडणे याच्या व्याख्येत जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. गुलमोहराच्या बुडख्याला हातभर फुटवे आलेले असतील तर शेजारचा कुणी तक्रार करणारच. झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने दिलेल्या परवानगीची प्रत मागून घ्या, मगच इंजिन सुरू करा. आणि वेळ सकाळी अकरा ते एकची धरा. दुपारी दोन ते चार ग्राइंडर लावलेला सोसायटीवाल्यांना आवडत नाही. परवानगीची प्रत तिथे कामाला येत नाही.

भुसा कुणाचा, हे न ठरवणं

बुडखा मोकळा झाला की त्याच्या सुमारे तिप्पट भुसा होतो. दोन फूट रुंद आणि फूटभर खोल एवढ्याचाच सिमेंटच्या सात-आठ गोण्या होतात, मुळं धरली तर दहाच्या वर. टेम्पो छोटा हाथी असेल तर मशीन, माणसं आणि गोण्या एका फेरीत बसत नाहीत. दरातच दुसरी फेरी धरा. भुसा खड्ड्यात लोटून वर पेव्हर बसवायची कल्पना सगळ्यांना सुचते. पहिल्या पावसाळ्यात तो कुजून बसतो, पेव्हर खचतात, आणि इमारतीला खेटून असेल तर वाळवीला आमंत्रण. खड्ड्यात माती आणि मुरूम, भुसा झाडांच्या आळ्यांत वरून पातळ.

मशीन कुरकुरतं तेव्हा

इंजिन पूर्ण वेगात आहे पण चकती मंदावते आणि जळका वास येतो: बेल्ट सैल. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत ताणतोच, तेव्हा एकदा आवळा. इंजिनच घुटमळतं: एका दमात फार खोल घेताय, किंवा एअर फिल्टर भुशाने बुजलाय. वरून दोन-तीन इंचांचे थर घ्यायचे, डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखे. भुसा चुरा होऊन पिठासारखा पडतोय आणि मशीन उड्या मारतंय: दात बोथट. अचानक थरथर सुरू झाली तर लगेच बंद करा. एखादा दात तुटलाय किंवा पडलाय, आणि पडलेला दात कुठे गेला हे शोधल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने आवळा.

खडा उडतो तो गोळीसारखा. मशीनला रबरी पडदा असतो, तो पुरत नाही. गाड्या हाताच्या अंतरावर उभ्या असतात, म्हणून आम्ही आठ-बाय-चारचे दोन प्लाय दोन्ही बाजूंना उभे करतो, तरीही आधी गाड्या हलवायला सांगतो. एकदा सांगितलं नव्हतं. पुढची काच बदलून द्यावी लागली, आणि त्या दिवसाच्या कामाचे पैसे तिच्यातच गेले.

जूनच्या शेवटी काम ओसरतं, मशीन कोपऱ्यात जातं आणि ऑगस्टमध्ये सुरूच होत नाही. आता पंपावरचं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं, ते ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो. ठेवताना टाकी रिकामी करा, पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन स्वतः बंद पडेपर्यंत चालवा, कार्ब्युरेटरच्या वाटीतला बोल्ट सोडून उरलेले थेंबही काढा. दातांच्या बोल्टला ग्रीस लावा, नाहीतर गंजून बसतात आणि पुढच्या मोसमात पान्ह्याला पाइप लावूनही हलत नाहीत.