गॅमा थीटा अप्सिलॉनचं सभासद व्हायचंय? या चुका टाळा

अमेरिकेत भूगोल किंवा जीआयएस (संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळायचं तंत्र) शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना गॅमा थीटा अप्सिलॉनचं नाव अनेकदा अगदी शेवटच्या सत्रात कळतं. मग हळहळ होते. भूगोलाच्या विद्यार्थ्यांची ही मानाची संस्था १९२८ साली इलिनॉयमध्ये रॉबर्ट बझार्ड यांच्या पुढाकाराने सुरू झाली. नावातली ग्रीक अक्षरं पाहून तिला फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलांचा सामाजिक क्लब, समजू नका. इथे अभ्यास पाहूनच घेतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘मार्क चांगले आहेत, बोलावतील’ म्हणून वाट बघत बसणं. सभासद करून घेण्याचं काम तुमच्या विभागातली शाखा, म्हणजे चॅप्टर करतं. चॅप्टरचे सल्लागार प्राध्यापक कोण आहेत हे पहिल्याच वर्षी विचारा आणि त्यांना जाऊन भेटा.

दुसरा घोळ अटींचा. पदवीच्या विद्यार्थ्याचे भूगोलाचे किमान ३ कोर्स झालेले हवेत, पूर्णवेळ अभ्यासाची ३ सत्रं किंवा ५ क्वार्टर (काही विद्यापीठांतली छोटी सत्रं) पूर्ण हवेत आणि वर्गात वरच्या ३५ टक्क्यांत नंबर हवा. भूगोलातले गुण वेगळे बघतात, त्यामुळे एकूण सरासरीवर विसंबू नका. खरी मेख कोर्स मोजण्यात आहे. रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) तुम्ही पर्यावरण विभागात केलं असेल, तर ते भूगोलात धरतील असं गृहीत धरू नका. अभ्यासक्रमाची प्रत जपून ठेवा, सल्लागारांना दाखवा आणि आधीच विचारून घ्या.

‘तुमची निवड झाली आहे, पैसे भरा’ अशा भलत्याच सोसायट्यांच्या मेलना भुलू नका. शंका आली तर विभागात विचारा. गॅमा थीटा अप्सिलॉनची फी एकदाच भरायची असते, सभासदत्व आयुष्यभराचं. चॅप्टरची स्थानिक वर्गणी मात्र वेगळी असू शकते.

प्रमाणपत्र भिंतीवर लावून थांबलात, तर मला खरंच वाईट वाटेल. सभासदांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. संस्थेचं ‘द जिऑग्राफिकल बुलेटिन’ हे नियतकालिक विद्यार्थ्यांचे शोधनिबंधही छापतं. प्रबंधातलं एक प्रकरण नीट घासूनपुसून तिथे पाठवाच.

आणि भारतात नोकरीसाठी अर्ज करताना बायोडेटात नुसतं ‘जीटीयू’ हे संस्थेच्या नावाचं इंग्रजी लघुरूप लिहू नका. इकडे ते गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी असंच वाचलं जाईल. पूर्ण नाव लिहा आणि पुढे ‘भूगोलातली आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटी’ एवढं जोडा.