फराळाच्या ऑर्डरी भरपूर, पण पैसा उरत नाही? या चुका टाळा

भाऊबीज झाली की मला दरवर्षी दोन-तीन फोन येतातच. "ताई, यंदा ९० किलो चकली गेली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तळत होतो. तेलवाल्याचं बिल भागवलं आणि हातात काही राहिलंच नाही." मी डोंबिवलीत १२ वर्षं फराळाचं काम करते, त्यामुळे ही तक्रार माझ्या चांगल्या ओळखीची आहे. मी पहिला प्रश्न एकच विचारते : किलोमागे किती सुटतात? बहुतेकींचं उत्तर म्हणजे विक्रीच्या भावातून किराणा वजा केलेला आकडा असतो. सगळं घोडं तिथेच अडतं.

मागच्या वर्षी अशाच एका मैत्रिणीबरोबर वही घेऊन बसले. तिची चकली ४०० रुपये किलो. डाळ-तांदूळ, धणे-जिरे, दळणावळ, तेल मिळून २१० रुपये. म्हणजे आपल्याला १९० सुटतात असं ती धरून चालली होती. मग डबा, लेबल, गॅस आणि मोडलेल्या चकल्या धरल्या, ४५ रुपये गेले. मोडलेल्या चकल्या घरात खाल्ल्या जातात म्हणून त्या कुणी मोजत नाही, पण त्यांनाही तेवढंच तेल लागलेलं असतं. पुढे वेळ मोजला. एका शेगडीवर मध्यम आचेवर घाणा निघायला पाच-सहा मिनिटं लागतात, किलोला सात-आठ घाणे होतात. भाजणी भाजणं, मळणं, सोऱ्या फिरवणं, पॅकिंग धरून दीड तास गेला. मदतीला येणाऱ्या मावशींना हेच काम दिलं असतं तर १०० रुपये द्यावे लागले असते. उरले ४५. त्यात सोसायटीतल्यांना दहा टक्के सूट, म्हणजे ४० रुपये कमी. १९० वाटत होते तिथे किलोला पाच रुपये निघाले. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली.

म्हणून सांगते, आपले हात फुकटचे धरू नका. आज तुम्ही स्वतः तळता म्हणून ते पैसे वाचल्यासारखे वाटतात. उद्या काम वाढलं आणि माणूस ठेवावा लागला की भाव अपुरा पडतो, आणि एकदा ४०० ची सवय लागलेल्या गिऱ्हाईकाला ४८० सांगताना जीभ उचलत नाही. सुरुवातीलाच मजुरी धरून भाव लावा. सूट द्यायचीच असेल तर ती सुटणाऱ्या पैशांतून जाते हे डोळ्यांसमोर ठेवा. १०० च्या मालात २० सुटत असतील आणि तुम्ही दहा टक्के सूट दिलीत, तर तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट माल विकावा लागेल.

तेलाचा डबा घेताना एक गोष्ट जरूर बघा : त्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर? एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असतं. दोन दुकानांचे भाव ताडून पाहताना हा सव्वा किलोहून जास्तीचा फरक लक्षात येत नाही आणि महागडा डबा स्वस्त समजून घरी येतो.

गॅसचा खर्चही असाच अंदाजपंचे धरला जातो. दिवसाचं काम सुरू करताना सिलिंडर काट्यावर ठेवा, काम संपल्यावर पुन्हा ठेवा. किती किलोच्या मालाला किती गॅस गेला ते दोन-तीन दिवसांत पक्कं कळतं. हा हिशेब १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या दराने करा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, आणि त्याच्या दरावर बेतलेला भाव पुढे टिकतही नाही.

आता गल्ल्याबद्दल. ही चूक मी स्वतः पहिली चार वर्षं केली. क्यूआर कोड घरच्याच बचत खात्याचा होता. ऑर्डरीचे पैसे, यजमानांचा पगार, भिशी, सगळं एकाच जागी. मुलाची फी भरली, गणपतीला खर्च झाला आणि ऑक्टोबरमध्ये माल भरायला पैसे नव्हते. दागिने ठेवून माल भरला. नंतर धंद्याचं खातं वेगळं केलं आणि स्वतःला महिन्याचा ठरावीक पगार लावला. घराला त्यापेक्षा जास्त लागलं तर ती उचल म्हणून वहीत लिहिते. वेगळ्या खात्याचं आणखी एक कारण आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयवरच्या जमेवरून अनेक छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. अशी वेळ आली तर भावाने पाठवलेले पैसे कोणते आणि विक्रीचे कोणते, हे एकाच खात्यातून निवडून दाखवायचं म्हणजे तांदळातले खडे वेचणं.

दिवाळीच्या भेटीसाठी कंपन्या मोठी ऑर्डर देतात तेव्हा आनंद होतोच. मलाही झाला होता. २०० डबे दिले, पैसे आले थेट मार्चमध्ये. तोवर तेलवाल्याला मी तोंड चुकवत होते. तेव्हा माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नव्हती. ती आधी करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाच्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा, म्हणजे समोरच्या लेखा विभागालाही ते दिसतं. तरीही निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय भाजणी दळायला टाकू नका.

घरून करत असलात तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर हवा, आणि निव्वळ वजन, किंमत, तारीख, नाव-पत्ताही. यात चालढकल केली तर दुकानदार माल ठेवून घेत नाही.

परदेशी पार्सल पाठवणाऱ्यांनी कुरिअरचा दर विचारताना खोक्याची मापं सांगावीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच कंपन्या ५००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा तो आकडा मोठा असेल तर त्याचे पैसे लावतात. ४० × ३० × ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो. आत पातळ पोह्यांचा चिवडा चारच किलो असला तरी बिल सात किलोंच्या वरचं येतं. चिवडा कमी करून शंकरपाळे आणि बेसनलाडू वाढवले की त्याच खोक्यात जास्त वजन बसतं.

त्या मैत्रिणीने यंदा चकली ४८० केली. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी तिने नवी ऑर्डर घेणं थांबवलं, कारण दोन शेगड्यांवर ६० किलोच्या पुढे माल बिघडतो हे तिला वहीतून कळलं होतं. यंदा ६० किलोच विकली आणि तेलवाल्याचं बिल तिने वसुबारसेलाच चुकतं केलं.